पिकअप गाडीचे मागील पाटे आणि मालाचा भार

मुंबईच्या उपनगरांत विकावयाचा भाजीपाला पहाटेपूर्वी बाजारात पोहोचावा लागतो. नाशिककडील गाड्या कसारा घाट उतरून ठाण्यावरून मुलुंड व घाटकोपर येथे येतात. जुन्नर-ओतूरकडील गाड्या माळशेज घाटाने कल्याणकडे उतरतात. डहाणू, पालघर व वसई या बाजूची फळे, फुले व भाजी दहिसरवरून बोरिवली व अंधेरी येथे जाते. राज्य शासनाने २०१६ साली फळे व भाजीपाला बाजार आवाराबाहेर नियमनमुक्त केल्यानंतर थेट विक्रीची वाट मोकळी झाली, आणि शेतकऱ्यास किंवा शेतकरी गटास स्वतःच्या पिकअप गाडीचे महत्त्व वाढले. लहान मालगाडीस आपण सर्रास ‘टेम्पो’ म्हणतो. हे नाव मुळात एका जर्मन बनावटीचे असून १९५८ साली स्थापन झालेल्या बजाज टेम्पो कंपनीने तीनचाकी टेम्पो बनविण्यास गोरेगाव या उपनगरातच प्रारंभ केला होता.

अशी गाडी एक-दोन हंगाम चालली म्हणजे भरल्यावर मागून बसू लागते. मग गाडीवान पाटे वाढवून घेण्याचा विचार करतो. पाटे वाढविणे काही वेळा योग्य व आवश्यक असते, काही वेळा निरुपयोगी, तर काही वेळा घातक ठरते. यांतील भेद कसा ओळखावा, हे येथे सांगावयाचे आहे.

पाटे काय काम करतात

पिकअपच्या मागील आखावर दोन्ही बाजूंस पोलादी पाट्यांची एकेक जुडी असते. सर्वांत वरचा लांब पाटा हा मुख्य पाटा. त्याची टोके वळवून डोळे केलेले असतात व त्यांत बुश बसवून तो चासीस जोडलेला असतो. एका टोकास शॅकल असल्याने पाटा दबला असता त्यास लांबण्यास जागा मिळते. मुख्य पाट्याखाली क्रमाने आखूड होत जाणारे पाटे असतात. मधला बोल्ट त्यांना एकत्र धरतो व यू-बोल्ट ती जुडी आखाशी आवळून ठेवतात. कित्येक गाड्यांत याखेरीज मदतीचे पाटे असतात. गाडी रिकामी असताना ते मोकळे राहतात आणि भार वाढल्यावरच टेकून काम करू लागतात.

पाट्यांचे काम दुहेरी आहे. भार पडला तरी चासी व आख यांमधील अंतर राखणे हे एक, आणि खड्ड्याचा धक्का स्वतः वाकून सोसणे हे दुसरे. पाटा जितका ताठ करावा तितके पहिले काम अधिक होते व दुसरे कमी.

हा ताठपणा कसा वाढतो हेही समजून घ्यावे. लांबी, रुंदी व जाडी सारखीच असलेल्या पाच पाट्यांच्या जुडीत त्याच मापाचा सहावा पाटा घातला तर ताठपणा सुमारे २० टक्क्यांनी वाढतो. आखूड पाटा घातल्यास वाढ याहून कमी होते. जाडीचा परिणाम मात्र फार मोठा असतो. ८ मिलिमीटरऐवजी ९ मिलिमीटर जाडीचे पाटे घातले तर ताठपणा सुमारे ४२ टक्क्यांनी वाढतो, कारण तो जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. ‘थोडा जाड पाटा’ ही म्हणूनच थोडी गोष्ट नव्हे.

पाटे वाढले म्हणजे क्षमता वाढत नाही

गाडीची भारक्षमता एका पाट्यावर ठरत नाही. टायर, चाकांचे बेअरिंग, आख, चासी आणि ब्रेक या सर्वांचा विचार करून कारखानदार एकूण वजनाची मर्यादा ठरवितो. तीच नोंदणी प्रमाणपत्रावर लिहिलेली असते. साखळीची एक कडी जाड केली तरी साखळीचे बळ सर्वांत दुबळ्या कडीइतकेच राहते. पाटे ताठ केल्याने बाकीच्या कोणत्याही भागाचे बळ वाढत नाही. गाडी उंच उभी राहते, एवढेच.

या उंच उभ्या राहण्यातच मोठा धोका आहे. पुष्कळ पिकअप गाड्यांत मागील आख व चासी यांमध्ये एका सळईने जोडलेला ब्रेकचा एक व्हॉल्व्ह असतो. गाडी भाराने दबली म्हणजे सळई हलते व तो व्हॉल्व्ह मागील चाकांच्या ब्रेकला अधिक दाब देतो. गाडी रिकामी असता तो दाब कमी करतो, म्हणजे चाके अडकून घसरत नाहीत. पाटे वाढविल्यावर भरलेली गाडीही दबत नाही. व्हॉल्व्ह ती रिकामी आहे असे धरून मागील ब्रेकचा दाब कमी ठेवतो. परिणामी घाटउतारावर बहुतेक सर्व काम पुढील ब्रेकवर येऊन पडते व ते तापतात. फार तापलेले ब्रेक धरत नाहीत. यास्तव पाटे बदलल्यावर या व्हॉल्व्हची सळई कारखान्याने दिलेल्या मापानुसार पुन्हा लावून घेतल्यावाचून गाडी रस्त्यावर काढू नये.

दुसरा तोटा परतीच्या वाटेवर दिसतो. रिकाम्या क्रेट घेऊन परतणारी ताठ पाट्यांची गाडी खड्ड्यांवर उसळते. चाक क्षणभर जमीन सोडते, आणि पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर मागील बाजू सरकते. पाट्यांनी न सोसलेला धक्का चासीस लागतो व कालांतराने तीस तडे जातात. टोमॅटोसारखा नाजूक माल अर्धा भरून नेला असता खालच्या थरातील फळे अधिक दबतात.

प्रथम वजन, मग पाटे

पाट्यांस हात लावण्यापूर्वी गाडी भुईकाट्यावर न्यावी. प्रथम भरलेली संपूर्ण गाडी तोलावी. नंतर केवळ मागील चाके काट्यावर ठेवून मागील आखाचा भार पाहावा. पुढील हिशेब उदाहरणादाखल दिला आहे; प्रत्येकाने आपल्या गाडीच्या कागदावरील आकडे घालून तो करावा.

समजा, एकूण वजनाची मर्यादा २,९५० किलो व रिकाम्या गाडीचे वजन १,६५० किलो आहे. शिल्लक १,३०० किलो. यातून चालक व मदतनीस यांचे १३० किलो आणि ताडपत्री व दोर यांचे २० किलो वजा करावे. मालासाठी १,१५० किलो उरतात. टोमॅटोच्या क्रेटमध्ये २० किलो माल आणि क्रेटचे स्वतःचे २ किलो धरल्यास एका क्रेटचे २२ किलो होतात. म्हणजे ५२ क्रेट, वजन १,१४४ किलो. त्रेपन्नावा क्रेट मर्यादेबाहेर जातो.

आता हाच माल कोठे ठेवला आहे ते पाहावे. दोन्ही आखांमधील अंतर ३०० सेंटिमीटर असून मालाचा मध्य मागील आखाच्या १५ सेंटिमीटर पुढे असेल, तर मालापैकी सुमारे १,०८७ किलो भार मागील आखावर येतो. माल शिल्लक नसताना, माणसे धरून, त्या आखावर ७०० किलो असतील तर एकूण १,७८७ किलो होतात. मागील प्रत्येक टायरची क्षमता ९०० किलो, म्हणजे त्यावर भारांक १०४ छापलेला असेल, तर दोन टायर १,८०० किलो सोसतात. हा भार मर्यादेत आहे.

परंतु तोच माल मागे रचला व त्याचा मध्य आखाच्या ३० सेंटिमीटर मागे गेला, तर मागील आखावर मालाचा भार सुमारे १,२५८ किलो व एकूण १,९५८ किलो होतो. टायरांवर १५८ किलो अधिक पडतात आणि पुढील आखावरून ११४ किलो उचलले जातात. क्रेट मात्र एकही वाढलेली नाही. बैलगाडीत माल मागे झाला की ती उलाळ होते, हे प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे. पिकअपचे जू वर उचलले जात नाही, म्हणून ती उलाळ झाल्याचे चटकन ध्यानात येत नाही. सुकाणू हलके लागणे व दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांवर जाणे ही त्याची चिन्हे होत. अशा गाडीस पाट्यांची नव्हे, माल पुढे सरकविण्याची गरज असते.

चारा वाहणाऱ्यांनी उंचीकडेही लक्ष द्यावे. १९४९ साली स्थापन झालेल्या आरे दुग्ध वसाहतीतील किंवा जोगेश्वरीकडील गोठ्यांसाठी नेला जाणारा कोरडा कडबा वजनाने हलका, पण रचून उंच होतो. ओला हिरवा चारा दिसतो त्याहून पुष्कळ जड असतो. उंच भार वळणावर गाडीस कलंडवितो. पाटे त्यास थांबवू शकत नाहीत.

पाटे केव्हा व कसे दुरुस्त करावेत

वजन मर्यादेत आहे, माल योग्य ठिकाणी आहे, तरीही गाडी बसते, तर दोष पाट्यांत आहे असे समजावे. सपाट जागेवर गाडी उभी करून आख व त्यावरील रबरी ठोकळा यांमधील अंतर दोन्ही बाजूंस मोजावे. रिकामी असताना एकदा व भरल्यावर एकदा. एक बाजू दुसरीहून स्पष्टपणे खाली असेल तर त्या बाजूचा पाटा तुटला आहे किंवा त्याचा बाक गेला आहे. भरल्यावर आख रबरावर टेकत असेल तर जुडी थकली आहे.

दुरुस्ती करताना पुढील गोष्टी पाळाव्यात.

१. प्रथम कारखान्याच्या मूळ मापाचे पाटे घालावेत. पुष्कळदा एवढ्याने काम भागते.

२. एकाच बाजूचे पाटे बदलू नयेत. दोन्ही बाजूंस पाट्यांची संख्या, जाडी व बाक सारखा असावा.

३. मर्यादेतील भारानेही गाडी फार दबत असेल तर मुख्य जुडी ताठ करण्यापेक्षा कारखान्याने त्या गाडीसाठी मान्य केलेले मदतीचे पाटे पसंत करावेत. रिकाम्या गाडीत ते मोकळे राहत असल्याने उसळी वाढत नाही.

४. हवेच्या फुग्यांची जोड घेतल्यास त्यांतील हवेचा दाब नियमित पाहावा. फुगा फुटला असता गाडी एका बाजूस झुकते.

५. पाटा गॅसने तापवून वाकवू नये व त्यावर वेल्डिंग करू नये. पोलादास दिलेले पाणी उतरते व पाटा त्याच जागी तुटतो.

६. काढलेले जुने यू-बोल्ट पुन्हा वापरू नयेत. नवे बोल्ट ठरलेल्या मापाने आवळावेत व पहिल्या ५०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत. ते ढिले राहिल्यास मधला बोल्ट तुटून आख जागेवरून सरकतो.

७. बुश, शॅकल व शॉक अब्सॉर्बर त्याच वेळी तपासावेत.

कायदा आणि हिशेब

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११३ अन्वये नोंदणी प्रमाणपत्रातील एकूण वजनापेक्षा अधिक भार घेऊन गाडी चालविण्यास मनाई आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ अन्वये दंड २०,००० रुपये व जादा प्रत्येक टनास २,००० रुपये असा असून जादा माल उतरविण्याचा खर्चही चालकमालकाकडे येतो. कलम ५२ अन्वये नोंदणीतील तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार गाडीत करता येत नाही. सबब, मूळ मापाबाहेर जाणारा कोणताही बदल करण्यापूर्वी गाडी जेथे नोंदली आहे त्या परिवहन कार्यालयात विचारणा करावी.

वरील उदाहरणातील गाडीत ५२ ऐवजी ७० क्रेट भरल्या असे धरू. जादा १८ क्रेटांत ३६० किलो टोमॅटो मावले. २० रुपये भाव धरल्यास त्यांचे ७,२०० रुपये होतात. त्यासाठी दंडाचीच जोखीम २०,००० रुपयांची आहे. शिवाय क्रेटांसह ३९६ किलो वाढल्याने घाट उतरताना ब्रेकना सुमारे १३ टक्के अधिक उष्णता सोसावी लागते. कसारा किंवा माळशेज घाटात रात्री ब्रेक निकामी झाला तर चालकाच्या व रस्त्यावरील इतरांच्या प्राणांवर बेतते; त्याची भरपाई कोणत्याही भावाने होत नाही. वारंवार अधिक माल न्यावा लागत असेल, तर गटातील शेतकऱ्यांनी मिळून मोठी मालमोटार ठरविणे किंवा दुसरी खेप करणे हाच हिताचा मार्ग आहे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी काय करावे

हंगाम सुरू होण्यापूर्वी गावातील पिकअपधारकांस जवळच्या भुईकाट्यावर एकत्र आणावे. एक गाडी नेहमीप्रमाणे भरून एकूण व मागील आखाचे वजन सर्वांसमक्ष घ्यावे. नंतर माल पुढे सरकवून पुन्हा तोलावे व फरक दाखवावा. प्रत्येक गाडीची मर्यादा, टायरांवरील भारांक आणि त्या गाडीत मावणाऱ्या क्रेट, गोणी किंवा दुधाच्या कॅनची संख्या काढून द्यावी. ४० लिटरच्या कॅनमध्ये सुमारे ४१ किलो दूध असते. कॅनचे वजन त्यात मिळवावे. ही संख्या गाडीच्या फाळक्याच्या आतील बाजूस रंगाने लिहून ठेवावी, म्हणजे रात्री घाईत माल भरणाऱ्या मजुरासही ती दिसेल.