बऱ्या झालेल्याची साक्ष

रोगाची माहिती छापून वाटली की लोकांची भीती आपोआप जाते, असा पुष्कळांचा समज असतो. क्षयरोगाच्या बाबतीत तो खरा ठरलेला नाही. २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी या रोगाचे जंतू जगापुढे मांडले. मद्रासच्या संशोधन केंद्राने १९५९ साली दाखवून दिले की, रुग्णाला घरी ठेवून औषधे दिली तरी तो आरोग्यधामातल्याइतकाच बरा होतो व घरच्यांचा धोका वाढत नाही. हा रोग खोकल्यातून, हवेवाटे पसरतो, भांड्यांतून नव्हे. तरीही अनेक घरांत रुग्णाचे ताट वेगळे मांडले जाते, आणि लग्न अडेल या धास्तीने मुलीचा आजार लपविला जातो.

जे पत्रकाने साधत नाही, ते बऱ्या झालेल्या माणसाच्या शब्दाने साधते. अमिताभ बच्चन यांनी २००० साली आपल्याला क्षय झाला होता, हे २०१४ साली जाहीरपणे सांगितले. सरकारी कार्यक्रमातही बरे झालेल्यांना शिकवून 'टीबी चॅम्पियन' म्हणून वस्त्यांत पाठविले जाते. नामवंताची कहाणी लोक दुरून ऐकतात. आपल्याच आळीतली शेजारीण सांगू लागली, म्हणजे मात्र ऐकणारा आपला खोकला आठवू लागतो.

अशी कहाणी नुसती दुःखाची वा पराक्रमाची नसावी. दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहिला तेव्हा थुंकी कोठे तपासली, हे तीत यावे. दोन महिन्यांत बरे वाटू लागल्यावरही सहा महिन्यांची औषधे कशी पुरी केली, हेही यावे; कारण मध्येच सोडणाऱ्याचे जंतू पुढे औषधाला दाद देईनासे होतात.

आमच्यासारख्या संस्थांनी एक पथ्य पाळलेच पाहिजे. ज्याला मदत दिली, त्याच्याकडून मोबदला म्हणून कहाणी मागू नये. उपकाराच्या ओझ्याखाली 'नाही' म्हणणे कठीण असते, आणि एकदा सांगितलेली गोष्ट परत घेता येत नाही. नाव द्यावे की नाही, हे सांगणाऱ्यानेच ठरवावे.

ऐकणाऱ्यांवरही जबाबदारी आहे. सभेत टाळ्या वाजविणे सोपे. त्या भगिनीला संक्रांतीच्या हळदीकुंकवाला अगत्याने बोलवावे व तिच्या घरचा चहा निःशंक घ्यावा. एवढे झाले, तर दुसरी कोणी पुढे येऊन बोलेल.