शिवलेली कंडरा आणि हालणारे बोट

सोयाबीनच्या काढणीत विळ्याने बोट कापलेला रुग्ण येतो, तेव्हा सोबतचे नातेवाईक सांगतात, "शीर तुटली." पुष्कळदा तुटलेली असते ती कंडरा, म्हणजे स्नायूचे बळ हाडापर्यंत पोहोचविणारी दोरी. शल्यविशारद ती शिवतात आणि थोड्याच दिवसांत बोटाचे व्यायाम सुरू होतात. टाके ताजे असताना बोट का हलविता, असा रोष कुटुंबीय येथे व्यक्त करतात. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर. मलाही प्रथम हेच कोडे पडले होते.

कंडरा जुळताना सभोवतालच्या आवरणास चिकटते आणि मग बोट वळत नाही. पूर्ण विश्रांती द्यावी की मर्यादित हालचाल, हे ठरविणे कठीण होते. कारण माणसाच्या बोटातील शिवलेली कंडरा बाहेर काढून ती किती ताण सोसते, हे मोजता येत नाही. अमेरिकेतील डॉ. रिचर्ड गेल्बरमन व सहकाऱ्यांनी ते कुत्र्यांच्या कंडरांवर मोजून १९८२ मध्ये प्रसिद्ध केले. लवकर, बेताने हलविलेली कंडरा अधिक बळकट झाली व मोकळी सरकूही लागली.

प्राण्याची निवड प्रश्नानुसार होते. कोंबडीच्या पायाच्या बोटातील कंडरेस आपल्यासारखेच आवरण असते. उंदराच्या खांद्यात कंडरेवर आपल्यासारखी हाडाची कमान असते. शर्यतीच्या घोड्याची कंडरा तर धावतानाच दुखावते. तथापि प्राण्यास "पाय टेकू नकोस" असे सांगता येत नाही, म्हणून असे निष्कर्ष रुग्णास जसेच्या तसे लागू करीत नाहीत.

काही देणगीदारांनी या प्रयोगांविषयी हळहळ व्यक्त केली. ती रास्त आहे. आपल्या रुग्णालयात असे प्रयोग होत नाहीत. देशात १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याखाली १९९८ मध्ये नियम झाले असून नैतिकता समितीच्या संमतीविना प्रयोग करता येत नाही. परभणीत १९७२ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथे जनावर हेच रुग्ण असते, हेही ध्यानात घ्यावे.

जमाखर्चात शस्त्रक्रियेची रक्कम मोठी दिसते, व्यायामाची किरकोळ. माझ्या मते हा आकडा फसवा आहे. पहिले काही आठवडे शिवण नाजूक असते. मनाने जोर लावल्यास ती तुटते, बोट बांधून ठेवल्यास चिकटते. म्हणून आधारपट्टी लावून, तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच व्यायाम करावयाचा असतो. दोन खेपांनंतर येणे थांबविलेले रुग्ण पुढे वाकडे बोट घेऊन परततात. बहुधा गाडीभाडे हेच कारण निघते. ही अडचण असल्यास कार्यालयात नि:संकोच सांगावे. न्यासाने त्यासाठी तरतूद केली आहे.