ओनोंतिओ : ‘बाप’ या शब्दाचे दोन अर्थ

अमेरिकेच्या इतिहासाचा विषय निघाला की इंग्रजांच्या तेरा वसाहती, बोस्टनच्या बंदरात बुडवलेला चहा आणि जॉर्ज वॉशिंग्टन एवढे आपल्याला चटकन आठवते. त्याच खंडाच्या उत्तरेला, आजच्या कॅनडात, फ्रेंचांचेही दीडशे वर्षे राज्य होते, ही गोष्ट मात्र पुस्तकात एखाद्या ओळीत आटोपते. या अंकात आम्ही तीच ओळ थोडी उलगडणार आहोत. वर्गातला उत्तर अमेरिकेचा नकाशा समोर ठेवा, पूर्व किनाऱ्यावर सेंट लॉरेन्स नदीचे रुंद मुख शोधा आणि तेथून आत चला. आणखी एक गोष्ट आधीच सांगतो. जुन्या पुस्तकांत येणारा ‘रेड इंडियन’ हा शब्द आम्ही वापरणार नाही. त्या लोकांना आपापली नावे होती आणि आजही आहेत.

१५३४ साली जाक कार्तिये हा फ्रेंच दर्यावर्दी या भागात आला. किनाऱ्यावर त्याने ३० फूट उंचीचा लाकडी क्रूस उभारला. तिथल्या लोकांचा नायक डोनाकोना होडीतून आला आणि हातवारे करून त्याने समजावले की ही भूमी आमची आहे, विचारल्याशिवाय येथे काही उभारू नका. कार्तियेने तो क्रूस म्हणजे नुसती वाटेची खूण आहे अशी बतावणी केली आणि जाताना नायकाच्या दोन मुलांना बरोबर फ्रान्सला नेले. पुढच्या वर्षी तो त्यांना घेऊन परत आला. त्या हिवाळ्यात कार्तियेच्या सुमारे ११० माणसांपैकी २५ जण स्कर्व्हीने दगावले. बाकीचे वाचले ते डोनाकोनाच्याच मुलाने सांगितलेल्या एका झाडाच्या साल-पाल्याच्या काढ्याने. या उपकाराची फेड कार्तियेने कशी केली? १५३६ च्या वसंतात डोनाकोनालाच पकडून फ्रान्सला नेले. तो मायदेशी परतला नाही. ‘कॅनडा’ हे नाव याच लोकांच्या भाषेतले. त्यांच्या ‘कनाटा’ या शब्दाचा अर्थ गाव किंवा वस्ती. देशाचे नाव राहिले, पण ती वस्ती पुढे ७० वर्षांनी फ्रेंच पुन्हा आले तेव्हा नाहीशी झालेली होती.

खरी वसाहत सुरू झाली ती १६०८ साली. साम्युएल द शाँप्लँ याने क्वेबेक येथे ठाणे बांधले. पहिल्या हिवाळ्यात २८ माणसे राहिली आणि वसंत ऋतूपर्यंत ८ उरली. हे आकडे लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा इतिहास फ्रेंचांच्या या तोकड्या संख्येतून निघतो. १६६३ साली, म्हणजे ५५ वर्षांनंतरही, त्यांची लोकसंख्या जेमतेम ३,००० होती. तेवढ्या माणसांनी जंगल ताब्यात घ्यायचे कसे? आणि त्यांना जंगल तोडून शेती करायची घाईही नव्हती. त्यांना हवी होती बीव्हर या प्राण्याची कातडी. युरोपातल्या श्रीमंतांच्या टोप्या बीव्हरची मऊ लव दाबून, आपल्याकडे बुरणूस करतात तशा रीतीने, बनवल्या जात. गंमत म्हणजे नव्या कातड्यापेक्षा एक-दोन वर्षे अंगावर पांघरून जुने झालेले कातडे अधिक मोलाचे ठरे, कारण वापराने त्यावरचे राठ केस झडून गेलेले असत.

ही कातडी आणणार कोण? शिकार करणारे, वाटा माहीत असणारे, भूर्जाच्या सालीची हलकी होडी बांधू शकणारे तेथलेच लोक. व्यापारासाठी ग्राहक टिकवावा लागतो, तशी फ्रेंचांना ही मैत्री टिकवावी लागली. इन्नू, अल्गॉन्क्विन आणि वेंडाट हे लोक त्यांचे मित्र झाले. वेंडाटांना फ्रेंच ‘ह्युरॉन’ म्हणत. पण मैत्रीची किंमतही मागितली गेली. १६०९ च्या उन्हाळ्यात शाँप्लँला या मित्रांबरोबर त्यांच्या शत्रूवर, मोहॉकांवर, चालून जावे लागले. त्याच्या बंदुकीच्या एकाच बारात मोहॉकांचे दोन नायक पडले. मोहॉक हे हौदेनोशौनी या पाच राष्ट्रांच्या बलाढ्य संघातले. इंग्रजी पुस्तकांत या संघाला ‘इरोक्वॉय’ म्हणतात. त्या एका बाराचे वैर पुढे अनेक दशके पुरले.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. १६३६ साली मॉन्मान्यी नावाचा गव्हर्नर क्वेबेकला आला. त्याच्या नावाचा अर्थ ‘मोठा डोंगर’ असा सांगण्यात आला, तेव्हा त्या लोकांनी आपल्या भाषेत त्याला ‘ओनोंतिओ’ म्हटले. मॉन्मान्यी गेला, दुसरे आले, पण प्रत्येक फ्रेंच गव्हर्नर ओनोंतिओच राहिला. पॅरिसचा राजा झाला ‘थोरला ओनोंतिओ’. आणि कालांतराने मित्र राष्ट्रे ओनोंतिओला ‘बाप’ म्हणू लागली. फ्रेंच खूश झाले. त्यांच्या देशात बाप म्हणजे घरचा राजा. त्याचा शब्द शेवटचा, त्याचा मार मुकाट्याने खायचा. आता ही सारी राष्ट्रे आपल्या आज्ञेत आली, अशी पत्रे फ्रान्सला गेली.

पण त्या लोकांच्या मनात वेगळाच बाप होता. वेंडाट आणि हौदेनोशौनी यांच्यात मूल आईच्या कुळाचे. घर आईच्या कुळाचे, शेत बायकांच्या ताब्यात, आणि मुलाला वळण लावायचा अधिकार असलाच तर मामाचा. बाप वेगळ्या कुळातला. तो मुलावर माया करी, देई-घेई, रक्षण करी, पण हुकूम सोडत नसे. आपल्याकडे धाक वडिलांचा आणि लाड मामाचे, सुटी लागली की मुले मामाकडे पळतात. तिकडे नेमके उलटे समजा. शिवाय मुलांवर हात उगारण्याची रीतच तेथे नव्हती. जेझुइट पाद्री याबद्दल तक्रार करीत. तेव्हा ओनोंतिओला ‘बाप’ म्हणण्यात आज्ञापालनाचा करार नव्हता. त्यात अपेक्षा होती. तू आम्हांला भेटी द्यायच्या, आमच्या भांडणात मध्यस्थी करायची आणि आम्हांला ताब्यात ठेवायला पाहायचे नाही.

क्वेबेकचे चतुर गव्हर्नर हा फरक ओळखून वागले. दरवर्षी सभा भरत, बारूद, कापड, भांडी, सुऱ्या यांच्या भेटी दिल्या जात, आणि मृतांसाठी रीतसर दुखवटा पाळला जाई. ज्यांना हा खर्च म्हणजे लाच वाटली, त्यांची राजनीती फसली. त्याचे उदाहरण शेवटी येईलच.

हे वाचून फ्रेंच म्हणजे भले आणि इंग्रज म्हणजे दुष्ट अशी वाटणी कोणी करू नये. फ्रेंचांबरोबर देवीचा रोगही गेला. १६३४ ते १६४० या सहा वर्षांत साथींनी निम्मे वेंडाट नेले. त्यांत म्हातारी माणसे आणि मुले सर्वांत जास्त. म्हणजे ज्यांना जुने ठाऊक होते ते गेले आणि ज्यांनी ते शिकायचे तेही गेले. डच व्यापाऱ्यांनी हौदेनोशौनींना बंदुका विकल्या, आणि १६४९ मध्ये वेंडाटांचा देशच उद्ध्वस्त झाला. क्वेबेक शहराजवळच्या वेंडाके गावी त्यांचे वंशज आजही आहेत. फ्रेंचांकडे गुलामही होते. पश्चिमेकडून पकडून आणलेल्या आदिवासींना विकत घेण्यास १७०९ च्या आदेशाने कायदेशीर मान्यता मिळाली. भेटी देणारा बाप एका हाताने माणसे विकत घेत होता.

तरीही १७०१ सालचा मॉन्ट्रियलचा तह वाचताना आश्चर्य वाटते. सुमारे ४० राष्ट्रांचे १,३०० प्रतिनिधी होड्यांतून आले. त्या वेळी मॉन्ट्रियलची स्वतःची वस्तीही याच्या फार पुढे नव्हती. वेंडाटांचा वृद्ध नायक कोंदियारोंक याने हा तह घडवून आणण्यासाठी जिवाचे रान केले. तापाने फणफणलेला असताना तो सभेत बोलला आणि त्याच रात्री वारला. त्याच्या अंत्ययात्रेत फ्रेंच सैनिक चालले आणि कालचे शत्रू हौदेनोशौनीही आले. ४ ऑगस्टला तहावर सह्या झाल्या. नायकांनी आपापल्या राष्ट्राची चित्रखूण काढली : कुठे बगळा, कुठे कासव, कुठे अस्वल. हौदेनोशौनींनी कबूल केले की फ्रेंच आणि इंग्रज लढले तर आम्ही तटस्थ राहू.

शेजारचे इंग्रज वेगळ्या कारणासाठी आले होते. ते कुटुंबकबिल्यासह आले, त्यांना शेतीसाठी जमीन हवी होती, आणि त्यांची संख्या भराभर वाढत होती. १७५० च्या सुमारास फ्रेंच ७०,००० च्या आसपास, तर इंग्रज वसाहतींत दहा लाखांहून अधिक माणसे. व्यापाऱ्याला शेजारी जिवंत आणि सुखी लागतो. जमीन हवी असणाऱ्याला तो अडथळा वाटतो. आमच्या मते दोघांच्या वागण्यातला फरक स्वभावापेक्षा या गरजेतून आला. याचा पुरावा आकेडियात मिळतो.

आकेडिया म्हणजे आजचा नोव्हा स्कोशिया आणि आसपासचा प्रदेश. तेथल्या फ्रेंच शेतकऱ्यांनी एक हुशारी केली. फंडीच्या उपसागरात जगातली सर्वांत मोठी भरती येते. तिच्या खाऱ्या दलदलीला त्यांनी मातीचे बांध घातले आणि बांधात लाकडी झडप बसवली. ओहोटीला आतले गोडे पाणी झडप ढकलून बाहेर जाई, भरतीला समुद्र तीच झडप दाबून बंद करी. कोकण-गोव्यातल्या खाजणांची उघडझाप ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे लगेच कळेल. या शेतीसाठी तेथल्या मिकमॉ लोकांची शिकारीची जंगले तोडावी लागली नाहीत. म्हणूनच दोघे शंभर वर्षे शेजारी नांदले आणि त्यांच्यात सोयरिकीही झाल्या.

१७१३ च्या उट्रेख्टच्या तहात फ्रान्सने हा मुलूख इंग्लंडला देऊन टाकला. आकेडियन लोकांना कोणी विचारले नाही, मिकमॉंना तर नाहीच. इंग्रज अधिकारी राजनिष्ठेची शपथ मागू लागले. आकेडियन म्हणत, शपथ घेतो, पण फ्रेंचांविरुद्ध किंवा मिकमॉंविरुद्ध हत्यार उचलणार नाही. १७३० साली तोंडी आश्वासनावर हे मिटले. पण तोंडी आश्वासन कागदावर नसते. १७५५ मध्ये पुन्हा युद्धाचे वारे वाहू लागले, तेव्हा बिनशर्त शपथेची मागणी झाली आणि ती नाकारली गेली. ५ सप्टेंबरला ग्राँ-प्रे गावच्या चर्चमध्ये दहा वर्षांवरील मुलगे आणि पुरुष यांना बोलावले. कर्नल विन्स्लोने हुकूम वाचला : जमिनी, घरे, गुरे सरकारजमा, आणि तुम्ही सारे हद्दपार. दारे बंद होती. १७६३ पर्यंत सुमारे १०,००० माणसे जहाजांतून दूरदूर पाठवली गेली. हजारो रोगाने आणि जहाजे बुडून मेली. काहीजण जंगलात पळाले, त्यांना मिकमॉंनी आसरा दिला. पुढे बरेचसे लुइझियानात पोहोचले. त्यांना आज ‘केजन’ म्हणतात, हा ‘आकेडियन’ याच शब्दाचा अपभ्रंश. काही परत आले, तर त्यांच्या बांधलेल्या शेतांवर दुसरे नांदत होते. तरी भाषा टिकली : शेजारच्या न्यू ब्रन्सविक प्रांतात १९६९ पासून फ्रेंच ही इंग्रजीच्या बरोबरीने राजभाषा आहे.

युद्धाचा शेवट आपल्याला माहीत आहे. १७५९ मध्ये क्वेबेक पडले, १७६० मध्ये मॉन्ट्रियल. हेच सप्तवार्षिक युद्ध आपल्या दक्षिणेतही चालू होते. हैदराबादला निजामाच्या दरबारी असलेल्या बुसीला १७५८ मध्ये मद्रासच्या लढाईसाठी परत बोलावले गेले. त्याच्याच हाताखाली तयार झालेला इब्राहिमखान गारदी पुढे भाऊसाहेबांबरोबर पानिपतावर लढला. पानिपत १४ जानेवारी १७६१ चे, आणि त्याच आठवड्यात पाँडिचेरी इंग्रजांच्या हाती गेली. असो.

कॅनडात आता ओनोंतिओच्या जागी इंग्रज सेनापती अ‍ॅमहर्स्ट होता. भेटी म्हणजे लाच, आणि जिंकलेल्यांना लाच कशाला द्यायची, असा त्याचा हिशेब. १७६१ मध्ये त्याने भेटी बंद केल्या आणि बारूद तोडली. शिकारीवर जगणाऱ्या कुटुंबांना याचा अर्थ उपासमार असा होता. पश्चिमेकडची राष्ट्रे म्हणाली, फ्रेंचांना तुम्ही जिंकले असेल, आम्हांला जिंकलेले नाही. १७६३ च्या मे महिन्यात ओडावा नायक पॉन्टिअ‍ॅक याने डेट्रॉइटला वेढा घातला, आणि काही आठवड्यांत इंग्रजांची आठ ठाणी पडली. फोर्ट पिट येथे वेढ्यात सापडलेल्या इंग्रजांनी बोलणीसाठी आलेल्या नायकांना देवीच्या रुग्णांची दोन कांबळी आणि एक रुमाल भेट म्हणून दिला.

लंडनला हिशेब उमगला. अ‍ॅमहर्स्टला परत बोलावले, भेटी पुन्हा सुरू झाल्या, आणि ७ ऑक्टोबर १७६३ रोजी तिसऱ्या जॉर्ज राजाने जाहीरनामा काढला : अ‍ॅपलाचियन पर्वताच्या पश्चिमेला वसाहतवाल्यांनी जायचे नाही, आणि मूळ लोकांची जमीन त्यांच्या जाहीर सभेत, त्यांच्या संमतीने, फक्त राजाच्या नावे घ्यायची. वसाहतवाल्यांनी तो फारसा पाळला नाही, आणि त्यांच्या पुढच्या बंडाचे ते एक कारणही झाले. पण जाहीरनामा रद्द झाला नाही. कॅनडाच्या १९८२ च्या राज्यघटनेच्या २५ व्या कलमात त्याचा नावाने उल्लेख आहे, आणि जमिनीच्या दाव्यांत मूळ लोकांचे वकील अजूनही तो कागद न्यायालयापुढे ठेवतात.