मोटारहोमची चासिस : आधी कागद, मग पलंग

प्रश्न : आम्ही दोघं निवृत्त, नाशिकला राहतो. वर्षातले काही महिने स्वतःच्या मोटारहोममधून कोकण, गोवा, राजस्थान फिरायचा बेत आहे. ओळखीच्या एकाची जुनी, पिवळ्या पाटीची सतरा सीटर टेम्पो ट्रॅव्हलर स्वस्तात मिळते आहे. गॅरेजवाले म्हणतात, सीटा काढून पलंग, ओटा, बाथरूम करून देतो, पासिंगचं नंतर बघू. नवी घ्यायची तर ट्रॅव्हलर बरी की विंगर, तेही कळत नाही.

उत्तर : ‘पासिंगचं नंतर बघू’ हे वाक्य ऐकल्यावर या जोडप्याने पैशाचं पाकीट खिशातच ठेवावं. मोटारहोमच्या व्यवहारात पलंग आणि ओटा शेवटी येतात. कुठली चासिस घेतली आणि ती कुठल्या वर्गात नोंदली, यावर कर, विमा, लायसन्स आणि पुढची पंधरा वर्षं ठरतात.

मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 सांगतं की उत्पादकाने मुळात दिलेला आणि आरसी बुकात नोंदलेला तपशील बदलेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 9 जानेवारी 2019 रोजी हे आणखी पक्कं केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम 182अ आलं. विनापरवाना फेरफाराला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद त्यात आहे. सतरा आसनं, प्रवासी वाहन असं आरसी बुकात लिहिलेलं आणि आत गेल्यावर दोन पलंग, गॅसची शेगडी आणि छताला कापून बसवलेला एसी, अशी गाडी रस्त्यावर अडवली तर मालकाला मांडायला बाजू उरत नाही. अपघात झाला तर विमा कंपनीचा सर्व्हेयर आधी हीच तफावत लिहून घेतो. दंडापेक्षा हा फटका फार मोठा.

सरळ रस्ता आहे, फक्त तो नव्या गाडीपासून सुरू होतो. केंद्र सरकारच्या 5 नोव्हेंबर 2004 च्या अधिसूचनेत खासगी वापराची कॅम्पर व्हॅन ‘नॉन-ट्रान्सपोर्ट’ यादीत आहे. म्हणजे पांढरी पाटी मिळते आणि नोंदणी पंधरा वर्षांची होते. पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-124 हे स्वतंत्र मानकही आहे. बसायची जागा आणि टेबल, झोपायची सोय, स्वयंपाकाची सोय आणि सामान ठेवायची कपाटं, एवढं तरी गाडीत असावं आणि ते पक्कं बसवलेलं असावं, ही मोटार कॅराव्हॅनची मूळ कल्पना. मंजुरीची चाचणी केंद्रीय मोटार वाहन नियम 126 खालच्या संस्थांत होते. त्यांतल्या तीन महाराष्ट्रातच आहेत : पुण्याची एआरएआय, भोसरीची सीआयआरटी आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई.

बॉडी बिल्डरकडे गेल्यावर रंगीत कॅटलॉगआधी मंजुरीचं प्रमाणपत्र मागावं आणि ते शांतपणे वाचावं. त्यावर चासिसचं मॉडेल, व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर), एकूण वजनमर्यादा, आसनं आणि झोपायच्या जागा लिहिलेल्या असतात. 3350 मिलिमीटर व्हीलबेसच्या गाडीचं प्रमाणपत्र दाखवून 3700 च्या गाडीवर काम सुरू करणारा बिल्डर भेटला, तर तिथून उठावं. मंजुरी त्या-त्या मॉडेलची असते, बिल्डरची नसते. चासिस वेगळी आणि बॉडी वेगळी बांधली तर नोंदणीला फॉर्म 22-अ लागतो. त्याचा पहिला भाग चासिस कंपनी भरते, दुसरा बॉडी बिल्डर. दुसऱ्या भागावर सही कोण करणार, हे ॲडव्हान्स देण्याआधीच विचारून घ्यावं.

आता ट्रॅव्हलर की विंगर. फोर्सची ट्रॅव्हलर 3050 पासून 4020 मिलिमीटरपर्यंतच्या व्हीलबेसमध्ये मिळते. तिला ओढ मागच्या चाकांची. शाळेची बस, ॲम्ब्युलन्स, लग्नाचं वऱ्हाड, सगळीकडे तीच धावते, म्हणून तिची कामं जाणणारा मेकॅनिक तालुक्याच्या गावीही सापडतो. फिरत्या घराला ही मोठीच सोय. टाटाची विंगर मोनोकॉक आहे, म्हणजे वेगळी चौकट नाही. पत्र्याचा सांगाडाच भार पेलतो. ओढ पुढच्या चाकांची असल्याने खालून मागे जाणारा प्रॉपेलर शाफ्ट नाही, त्यामुळे फरशी खाली बसते. गुडघे दुखणाऱ्यांना चढ-उतार सोपा आणि गाडी कारसारखी हलकी चालते.

पण मोनोकॉकवर गॅरेजातला ग्राइंडर चालवणं धोक्याचं. छताला किंवा बाजूला मोठी खिडकी कापली की भार वाहणारा पत्राच कापला जातो. ताकद कुठे कमी झाली ते बाहेरून दिसत नाही. फोर्सची नवी अर्बानियाही मोनोकॉकच. तिलाही हेच लागू. दुसरा मुद्दा घाटाचा. चढावर गाडीचं वजन मागे सरकतं. मागच्या टोकाला पाण्याची टाकी आणि बाथरूम असेल, तर पुढची चाकं आणखी हलकी होतात. पावसाळ्यात आंबोलीच्या किंवा ताम्हिणीच्या ओल्या चढावर पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीला हे जाणवतंच. विंगर घ्यायची तर टाकी आणि बॅटऱ्या दोन चाकांच्या मधोमध बसवून घ्याव्यात.

व्हीलबेस निवडताना एक हिशोब करावा. मागच्या चाकाच्या मध्यापासून शेपटीपर्यंतचा भाग व्हीलबेसच्या 60 टक्क्यांपेक्षा जास्त नको, असं केंद्रीय नियम 93 सांगतो. 3350 ला ही मर्यादा 2010 मिलिमीटर, 3700 ला 2220. नियमात बसली तरी लांब शेपटी कोकणातल्या होमस्टेच्या उतारावर घासते. दोघांसाठी 3350 चा व्हीलबेस पुरेसा आहे. नातवंडं नेहमी बरोबर असतील तर 3700. त्यापुढची लांबी गल्लीबोळात आणि घाटाच्या वळणावर नकोशी होते.

सगळ्यात दुर्लक्षित बाब म्हणजे वजन. एकूण वजनमर्यादेतून रिकाम्या गाडीचं वजन वजा करून जे उरतं, तेवढ्यात घर आणि माणसं दोन्ही बसवायची असतात. समजा उरले 1,000 किलो. 18 मिलिमीटर प्लायवुडचा आठ बाय चारचा एक पत्रा साधारण 35 किलोचा. पलंग, कपाटं, ओटा मिळून दहा पत्रे लागले की 350 किलो गेले. दीडशे लिटर पाणी म्हणजे 150 किलो. 200 ॲम्पिअर-अवरच्या दोन लेड-ॲसिड बॅटऱ्या 120 च्या घरात. एसी आणि इन्व्हर्टर 60, फ्रिज 30, भरलेला सिलिंडर 30. माणसं चार धरली तर 300 आणि सामान 100. बेरीज 1,140. गाडी घरातून निघतानाच 140 किलोंनी जास्त झाली. वापरलेल्या पाण्याची टाकी वेगळी धरायची गरज नाही, कारण तेच पाणी एका टाकीतून दुसरीत जातं.

यावर उपाय आहेत. प्लायऐवजी ॲल्युमिनियमची चौकट आणि हनीकोम्ब पॅनेल, लेड-ॲसिडऐवजी लिथियम फॉस्फेट बॅटरी. साधारण तेवढीच प्रत्यक्ष वापरता येणारी क्षमता देणारी एक लिथियम बॅटरी 25 किलोंच्या आसपास असते. खर्च वाढतो, तरी हे पैसे सनमायकाच्या डिझाइनपेक्षा इथे घालावेत. जादा वजनाला कलम 194 खाली 20,000 रुपये आणि वर प्रत्येक टनामागे 2,000 रुपये दंड आहे. पण खरी भीती खंबाटकी उतरताना तापलेल्या ब्रेकची. गाडी तयार झाल्यावर टाक्या भरून ती वजनकाट्यावर न्यावी, आधी पुढची चाकं, मग मागची, अशी दोन वजनं घ्यावीत आणि पावती पाहिल्यावरच शेवटचा हप्ता द्यावा. बिल्डरशी करारात हे आधीच लिहून घेतलं तर वाद होत नाही.

प्रश्न : माझ्याकडे साधं कारचं लायसन्स आहे. ते चालेल का?

उत्तर : एकूण वजन 7,500 किलोंपर्यंत असेल तर चालेल. ट्रान्सपोर्ट वर्गातल्या हलक्या गाडीलाही वेगळा शेरा लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने 6 नोव्हेंबर 2024 रोजी ठरवलं आहे. ट्रॅव्हलर, विंगर, अर्बानिया या मर्यादेत आरामात बसतात. बसच्या चासिसवर बांधलेली मोठी कॅराव्हॅन मात्र बसत नाही. केरळच्या पर्यटन योजनेसाठी 2021 मध्ये भारतबेंझ 1017 च्या चासिसवर कॅराव्हॅन आणली गेली. ती दहा टनांच्या आसपासची गाडी आहे. तिला वरच्या वर्गाचं लायसन्स हवं. निवृत्त जोडप्याने स्वतः चालवायची गाडी या मर्यादेच्या खूप आत ठेवावी.

प्रश्न : आम्ही वापरत नसू तेव्हा गाडी भाड्याने दिली तर कर्जाचा हप्ता सुटेल. खासगी नोंदणीवर असं करता येतं का?

उत्तर : नाही. भाडं घेतलं की परमिट लागतं. परमिटशिवाय चालवली तर कलम 192अ खाली पहिल्याच गुन्ह्याला 10,000 रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. खासगी विम्यावर भाडोत्री फेरीतला अपघात मंजूर होत नाही, आणि तिऱ्हाइताला दुखापत झाली तर विमा कंपनी भरपाईची रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. धंदाच करायचा असेल तर पहिल्या दिवसापासून पिवळी पाटी घ्यावी. मग फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी. महाराष्ट्राचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण 2021 मध्ये आलं आहे. व्यवसायाचा विचार असलेल्यांनी पर्यटन संचालनालयात नोंदणीची चौकशी करावी.

कर्ज आणि विमा यांतही चासिस आणि बॉडी वेगळी धरली जाते. फक्त चासिसच्या किमतीवर विमा उतरवला आणि आतल्या कामाचे आठ-दहा लाख कळवलेच नाहीत, तर गाडी जळाल्यावर ते आठ-दहा लाख मिळत नाहीत. पॉलिसीवर चासिसची आणि बॉडीची किंमत स्वतंत्र रकान्यात छापून घ्यावी आणि बिल्डरची जीएसटीची पावती सोबत जोडावी. वाहन कंपनीच्या नावावर नोंदवताना आणखी जपावं : महाराष्ट्रात कंपनीच्या नावावरच्या खासगी कारला 20 टक्के एकरकमी कर आहे, म्हणून निव्वळ घरगुती वापराची गाडी व्यक्तीच्या नावावर घेतलेली बरी.

राहिली ती पिवळ्या पाटीची जुनी ट्रॅव्हलर. फेरफार न करता सतरा सीटर म्हणून भाड्याने चालवायला कुणाला हवी असेल तर तिची किंमत आहे. नाशिकच्या या जोडप्यासाठी नाही.