गर्भाशयमुखाचा कर्करोग : बार्शीचा अभ्यास आणि आपला दवाखाना

सदाफुलीचा दाखला आपण वैद्य मंडळी व्याख्यानांतून नेहमी देतो. मधुमेहावरील लोकौषध म्हणून तिची पाने जमैकातून कॅनडातील वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठात पोहोचली. तेथे नोबल व बिअर यांना उंदरांच्या रक्तातील श्वेतकण घटताना आढळले आणि १९५८ मध्ये विनब्लास्टिन हाती आले. पुढचा भाग मात्र आपण सहसा गाळतो. टोरांटोच्या प्रिन्सेस मार्गारेट रुग्णालयात ते रुग्णांवर तपासले गेले, तेव्हा कुठे त्याचे औषध झाले.

असे सहकार्य आपल्या महाराष्ट्रातही घडले. मुंबईचे टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय व फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९ साली उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास आरंभिला. ५२ ग्रामसमूहांचे चार गट पाडले. एका गटात एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पॅप तपासणी, तिसऱ्यात ॲसिटिक आम्ल लावून प्रत्यक्ष दर्शन, तर चौथ्यात केवळ नेहमीची सेवा. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आठ वर्षांत या कर्करोगाने चौथ्या गटात ६४ स्त्रिया दगावल्या, एचपीव्ही गटात ३४. आणि चाचणी झाली होती एकदाच! इतर दोन पद्धतींनी मृत्युसंख्येत लक्षणीय घट दिसली नाही. चौथ्या गटाला तपासणीविना ठेवल्याबद्दल पुढे आक्षेप घेतले गेले. ते मला रास्त वाटतात.

शेंदूरजनाघाटच्या माझ्या दवाखान्यात काही वर्षांपूर्वी एक रजोनिवृत्त स्त्री आली. संत्र्याच्या बागेत मजुरी करणारी. ‘अंगावरून जाते’ एवढीच तक्रार. रक्तप्रदर समजून मी पुष्यानुग चूर्ण व अशोकारिष्ट दिले. स्राव उणावला, मीही निश्चिंत झालो. पुढे पाच महिने ती अरिष्टाची बाटली परस्पर दुकानातून नेत राहिली. नागपूरला पाठविली तेव्हा व्याधी शस्त्रकर्माच्या पलीकडे गेला होता.

रजोनिवृत्तीनंतरचा वा मैथुनोत्तर रक्तस्राव, दुर्गंधी स्राव ही लक्षणे दिसताच स्तंभन द्रव्ये योजण्याआधी योनिदर्शन व आवश्यक तेथे बायोप्सी झालीच पाहिजे. औषधविक्रेत्या बंधूंनी प्रौढ स्त्रीला दुसरी बाटली देताना एक प्रश्न विचारावा : तपासणी झाली का? आणि केसपेपरवर लक्षणारंभाची तारीख व दिलेली औषधे अवश्य नोंदवावीत. मोठ्या रुग्णालयाला आपल्याकडून हवी असते ती हीच माहिती. नागपूरच्या डॉक्टरांनी स्राव केव्हा सुरू झाला असे विचारले, तेव्हा माझ्या कागदावर फक्त औषधांची नावे होती.