तेल-मेणाचं फिनिशिंग : दसऱ्याचा माल पोळ्यालाच हातात घ्या



हिंगोलीच्या दसऱ्यात पोळपाट-लाटणं, डाव, उलथणी विकायला मांडायची आहेत ना? मग लाकूड कापण्याआधी कॅलेंडर बघा. घाईत दिलेला चिकट माल परत येतो, आणि गिऱ्हाईक मात्र परत येत नाही.

तेल कोणतं?
आपल्या भागातलं जवस इथे कामाला येतं. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन लाकडात घट्ट होतं. शेंगदाणा तेल तसं वाळत नाही, ते पुढे खवट होतं. स्वयंपाकाच्या वस्तूला घाण्याचं खाद्य जवस तेलच घ्या. रंगाच्या दुकानातलं 'बॉइल्ड' तेल नको. ते लवकर वाळावं म्हणून त्यात धातूची संयुगं घातलेली असू शकतात.

कृती
1. 120, 180, मग 220 नंबरचा पॉलिश पेपर मारा. ओल्या फडक्याने पुसा, वाळू द्या. उभी राहिलेली लव पुन्हा 220 ने काढा.
2. तेलाचा पातळ हात द्या. 20 मिनिटांनी उरलेलं तेल पूर्ण पुसून काढा. चिकटपणा येतो तो बहुतेक वेळा न पुसलेल्या तेलामुळे.
3. असे 3 हात द्या. पावसाळ्यात दोन हातांमध्ये आठवडा ठेवा.
4. 200 ग्रॅम तेलात 50 ग्रॅम मधमाशीचं मेण, गरम पाण्यात भांडं ठेवून वितळवा. थेट गॅसवर नको. थंड झालेलं मलम चोळा, फडक्याने चमकवा.
5. 2 आठवडे हवेशीर जागी ठेवा.

आता हिशोब करा : 3 आठवडे तेल, 2 आठवडे विश्रांती. पोळा ते दसरा साधारण 40 दिवस. म्हणजे पोळ्याला पहिला हात लागला पाहिजे.

हे विसरू नका!
तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता तयार होते, ती ढिगात साठते आणि फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. बाहेर तारेवर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. एका फडक्यापायी अख्खं वर्कशॉप जायला नको.

गिऱ्हाइकाला काय सांगाल?
आपला जिल्हा हळदीचा. ओली हळद राहिली तर या फिनिशवरही डाग पडू शकतो. म्हणून "डाग पडणारच नाही" असं बोलू नका. प्रत्येक वस्तूसोबत चिठ्ठी द्या : 'पाण्यात भिजत ठेवू नये. धुऊन लगेच पुसावे. लाकूड कोरडं दिसलं की तेलाचा हात द्यावा.'

गृहपाठ : एका तुकड्यावर पूर्ण कृती करा. 2 आठवड्यांनी त्यावर पाणी आणि हळदीचा थेंब 10 मिनिटं ठेवून पुसा. जे दिसेल तेच स्टॉलवर सांगा. आणि किंमत काढताना तेल-मेणासोबत घासण्या-पुसण्याचे तासही धरा. ती तुमचीच मजुरी आहे.