पलटणीचा फॉर्म आणि पुतण्याची चढाई

प्रश्न : पुणेरी पलटणीचे सामने आम्ही मंडळात एकत्र बसून पाहतो. 2024च्या मार्चमध्ये पलटण विजेती झाली, त्याच वर्षाच्या डिसेंबरात पहिल्या सहांतही नव्हती आणि 2025मध्ये पुन्हा थेट अंतिम सामन्यात. खेळाडू बरेचसे तेच, मग फॉर्म असा वर-खाली कसा होतो? माझा धाकटा भाऊ स्वीडनला गोथेनबर्गमध्ये असतो. तो म्हणतो, तिकडे आइस हॉकीत तळाच्या संघाला खालच्या लीगमध्ये ढकलतात. मग आपल्याकडे का नाही? आणि शेवटचं, थोरल्या भावाचा मुलगा 17 वर्षांचा आहे, चढाई झकास करतो. 'पुढच्या वर्षी पलटणीत' असं सगळे म्हणतात. हे कितपत धरून चालायचं?
— एक वाचक, नसरापूर (ता. भोर)

उत्तर : एका पोस्टकार्डात तुम्ही प्रश्न तीन घातलेत, पण तिन्हींचं मूळ एकच आहे. संघाचा किंवा खेळाडूचा फॉर्म म्हणजे नेमकं काय आणि तो पुढे टिकेल की नाही हे कशावरून ओळखायचं, हेच तुम्हाला हवं आहे. आधी पलटणीचं पाहू.

फॉर्म ही खेळाडूच्या अंगात शिरणारी आणि निघून जाणारी गोष्ट आहे, असा आपला समज असतो. कबड्डीत तरी फॉर्म हा बऱ्याच अंशी मैदानावर कोण किती वेळ उभा राहतो याचा हिशेब असतो. सामना 40 मिनिटांचा. बाद झालेला गडी बाहेर बसतो आणि आपल्या संघाने समोरचा गडी बाद केला की बाद झालेल्यांच्या क्रमाने एकेक जण आत येतो. म्हणजे ज्याच्या चढाईवर संघाची भिस्त आहे तोच बाहेर बसला, तर त्याला आत आणण्यासाठी गुण कोणी मिळवायचा? इथेच एकखांबी संघ कोसळतात. मुख्य चढाईपटू बाहेर, उरलेल्यांच्या दोन चढाया रिकाम्या, तिसरी 'करो या मरो', त्यात आणखी एक बाद, आणि बघता बघता लोण.

प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामातली पलटण याच्या नेमकी उलट होती. अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे असे चौघे चढाईला. एक बसला तरी दुसरा त्याला उठवायला तयार. त्या हंगामात चढाईच्या गुणांत पहिल्या पाचांत पलटणीचा एकही खेळाडू नव्हता, तरीही 22 साखळी सामन्यांत 17 विजय, 3 बरोबरी आणि अवघे 2 पराभव अशी तिची कामगिरी होती. 96 गुणांनी ती गुणतक्त्यात पहिली आली. 1 मार्च 2024ला हैदराबादच्या गचिबोलीत हरयाणा स्टीलर्सला 28-25 असं हरवून तिने पहिल्यांदा करंडक उचलला. हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला कर्णधार अस्लम, आपल्या शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या टाकळीभानचा. गुणांच्या यादीत फार वर नसलेला माणूस सर्वोत्तम कसा, असं तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं असेल. पण तो चढाई करतो, पकडीला उभा राहतो आणि सामना कधी थंड करायचा हेही जाणतो.

दुसरा खांब होता इराणचा मोहम्मदरझा शादलुई. 2 कोटी 35 लाखांना घेतलेल्या या डाव्या कोपऱ्याने त्या हंगामात पकडीचे 99 गुण मिळवले, सगळ्या स्पर्धेत सर्वांत जास्त. आता बचावात एक गोष्ट बाहेरून दिसत नाही. कोपऱ्याने पाय धरला की शेजारच्या मध्यरक्षकाने त्याच क्षणी अंगावर यायला हवं. अर्धा श्वास उशीर झाला तरी चढाईपटू रेषेला हात लावून मोकळा. ही जोडी बैलजोडीसारखीच असते. एक बैल बदलला की दुसऱ्याचीही चाल बिघडते, मग नवा बैल कितीही ताकदीचा असो.

पुढच्या लिलावात नेमकं तेच घडलं. शादलुई 2 कोटी 7 लाखांना हरयाणाकडे गेला. अकराव्या हंगामाची सुरुवात पलटणीने बरी केली, पण मध्येच अस्लमच्या गुडघ्याला दुखापत झाली आणि तो हंगामाबाहेर गेला. एका वर्षात दोन्ही खांब निखळले. त्या वर्षीचा अंतिम सामना 29 डिसेंबर 2024ला आपल्याच बालेवाडीत झाला. खेळले हरयाणा आणि पाटणा, जिंकलं हरयाणा 32-23 असं, आणि सर्वोत्तम खेळाडू ठरला शादलुई. चेलाडी फाट्यावरून बायपास धरून सामन्याला गेलेल्या मंडळींना हे चांगलंच झोंबलं असणार!

2025मध्ये अस्लम परतला. प्रशिक्षक नवा, भारताचा माजी कर्णधार अजय ठाकूर. आदित्य शिंदेसारखा नवा चढाईपटू हाती लागला आणि पलटण पुन्हा गुणतक्त्यात पहिली. 18 सामन्यांत 13 विजय दिल्लीचेही होते, फक्त गुणफरकात पलटण पुढे. बाद फेरीत दिल्लीने एकदा टायब्रेकरमध्ये आणि मग 31 ऑक्टोबरला अंतिम सामन्यात 31-28 असं हरवलं. तीन गुणांचा फरक म्हणजे किती? एकाच चढाईत तीन गडी टिपले की तेवढा. म्हणून 2025ची पलटण 2024च्या पलटणीपेक्षा फार कमी होती, असं मी म्हणणार नाही. विजेता आणि उपविजेता यांच्यात आपण जेवढं अंतर धरतो तेवढं ते प्रत्यक्षात क्वचितच असतं.

इथेच एक लोकप्रिय गैरसमज निकालात काढू. महाग खेळाडू म्हणजे भारी संघ, हा तो समज. पवन सेहरावतचं उदाहरण पाहा. नवव्या हंगामात तमिळ थलैवाजने त्याला 2 कोटी 26 लाखांना घेतलं आणि पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला. सगळ्यांनी थलैवाजवर फुली मारली. पण नरेंदर कंडोला या पहिल्याच हंगामातल्या पोराने चढाईचे 243 गुण केले आणि संघ उपांत्य फेरीत पोचला. तिथे त्याला 39-37 असं हरवलं ते पलटणीनेच. पुढच्या वर्षी पवनला तेलुगू टायटन्सने 2 कोटी 60 लाख 50 हजारांना घेतलं, तोवरची सर्वांत मोठी बोली. पवन खेळलाही चांगला. संघाने 22 पैकी 2 सामने जिंकले आणि तो शेवटचा आला. एका संघाच्या तिजोरीत साधारण 5 कोटी. त्यातले निम्मे एकावर गेले की उरलेले सहा जण कुठून आणायचे, हा हिशेब मंडळात बसूनही करता येतो. शादलुईचंच पुढचं घ्या. 2025मध्ये 2 कोटी 23 लाखांना तो गुजरातकडे गेला आणि गुजरात पहिल्या आठांतही आलं नाही.

आता तुमच्या भावाचं म्हणणं. ते बरोबर आहे. स्वीडनच्या सर्वोच्च लीगमध्ये 14 संघ असतात, प्रत्येकाला 52 साखळी सामने खेळावे लागतात आणि तळाला जाणाऱ्याची रवानगी हॉकीऑल्सवेन्स्कान नावाच्या दुसऱ्या लीगमध्ये होते. नावाची पुण्याई तिथे चालत नाही. स्वीडनमध्ये सर्वाधिक विजेतेपदं मिळवलेला स्टॉकहोमचा युर्गोर्डेन 2022मध्ये खाली गेला, त्याला वर यायला 2025 उजाडलं. हे शक्य होतं कारण तिथले क्लब सभासदांचे असतात, बहुमत सभासदांकडेच राहावं असा नियम आहे, आणि खालीही एक पूर्ण लीग उभी आहे. प्रो कबड्डी वेगळ्या पायावर उभी आहे. 2014ला आठ संघांनी सुरू झाली, 2017पासून बारा संघ. प्रत्येक संघ म्हणजे कंपनीने पैसे मोजून घेतलेला हक्क. खाली ढकलायचं तर खाली लीग कुठे आहे, आणि पैसे मोजलेला मालक त्याला तयार का होईल?

शिक्षा नाही म्हणजे आळस वाढतो, असंही मात्र नाही. तेलुगू टायटन्स आठव्या, नवव्या आणि दहाव्या अशा लागोपाठ तीन हंगामांत शेवटचे होते. स्वीडनमध्ये हा संघ पहिल्याच वर्षी नजरेआड झाला असता. इथे त्याला वेळ मिळाला, आणि 2025मध्ये तो अंतिम फेरीच्या दारात उभा होता. तिथे त्याला 50-45 असं परत पाठवलं तेही पलटणीने. भावाला एवढं मात्र जरूर मान्य करा की 52 सामन्यांत फॉर्मचं खरं-खोटं उघडं पडतं. 18 किंवा 22 सामन्यांत दोन निसटते निकाल इकडचे तिकडे झाले की गुणतक्त्याचा चेहरा बदलतो. म्हणून आपल्याकडे एका हंगामावरून भाकीत करणारा तोंडघशी पडण्याचा संभव जास्त.

उरला पुतण्या. 'पुढच्या वर्षी पलटणीत' हे तूर्त बाजूला ठेवा. साधं कारण वयाचं. प्रो कबड्डीत नव्या मुलांसाठी 'नवे युवा खेळाडू' असा वेगळा दरवाजा आहे, पण तो उघडतो 18व्या वर्षी आणि 22पर्यंतच खुला असतो. लिलावाआधीच संघ या मुलांना हेरून करारबद्ध करतात. तिथे वशिला लागतो असं कट्ट्यावर बोललं जातं. मला त्यात फारसं तथ्य वाटत नाही. ज्याच्यावर एवढे कॅमेरे रोखलेले असतील त्याला वशिल्याने उभं करून कोण स्वतःचं हसं करून घेईल? संघांचे लोक जिल्हा आणि राज्य स्पर्धा, कुमार राष्ट्रीय, खेलो इंडिया यांवर नजर ठेवून असतात. पलटणीचा स्वतःचा युवा पलटण हा संघही आहे.

पण दरवाजा उघडला म्हणजे माणूस आत टिकला असं होत नाही. कोल्हापूर जिल्ह्यात चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई आठवतो ना? सहाव्या हंगामात यू मुंबाने त्याला 36 लाख 40 हजारांना घेतलं आणि त्याने चढाईचे 218 गुण केले. पुढच्या वर्षी किंमत 1 कोटी 45 लाख. त्या वर्षीही त्याने दोनशेचा टप्पा ओलांडला. मग खांद्याने दगा दिला आणि आठवा हंगाम जवळजवळ वायाच गेला. गुणवत्ता होती तेवढीच होती, पण चढाईपटूची पुढची वर्षं ठरवतात ते त्याचे सांधे.

तेव्हा पुतण्याच्या गुणांची बेरीज करण्यापेक्षा वेगळं काही पाहायला लागा. समोर सात गडी भरलेले असताना तो काय करतो? सहा किंवा जास्त बचावपटू असतील तेव्हाच बोनस मिळतो, त्यामुळे बोनसवर पोट भरणारा चढाईपटू समोर पाच उरले की गोंधळतो. समोर तीनच उरले की बचावाची पकड दोन गुणांची होते. तिथे घाई करतो, की घड्याळ पाहून तीस सेकंद काढून परततो? तिसरी चढाई त्याच्यावर आली तर चेहरा पडतो का? आणि सर्वांत महत्त्वाचं, चढाई नसताना तो पकडीत उभा राहतो, की हात कमरेवर ठेवून पाहतो? गावच्या स्पर्धेत भरपूर गुण मिळवणारी पोरं याच चार ठिकाणी मागे पडतात.

शिवाय तो आजवर मातीवर खेळला असेल तर मॅटची सवय लावा. मातीत पाय घसरतो आणि आघात जिरतो. मॅटवर बूट घट्ट रुततात, पाय जागीच राहतो आणि वळताना सगळा पीळ गुडघ्यावर येतो. त्यामुळे मांडीचे पुढचे-मागचे स्नायू बळकट करण्याचा व्यायाम आत्तापासून हवा, दुखल्यावर नव्हे.

वाट सरळ आहे, जवळची नाही. मंडळ जिल्हा संघटनेशी संलग्न हवं. नसरापूर पुणे ग्रामीणमध्ये येतं, तेव्हा त्यांच्या कुमार गटाच्या निवड चाचणीची तारीख विचारून ठेवा. तिथून जिल्ह्याचा संघ, मग राज्य अजिंक्यपद, मग राज्याचा संघ. ही शिडी पलटणीपर्यंत पोचली नाही तरी पोलीस, रेल्वे किंवा बँकेच्या संघात क्रीडा कोट्यातून नोकरी मिळालेले खेळाडू पूर्वीपासून होते आणि आजही आहेत. घरच्यांना हे सांगा, म्हणजे सरावाला पाठवताना कुरकुर कमी होईल. बारावी मात्र सोडू देऊ नका. आणि चाचणीला जाताना मूळ जन्मदाखला बरोबर न्या, कारण कुमार गटात वय आणि वजन दोन्ही काटेकोर तपासतात. आदल्या रात्री पोराला मटणाच्या ताटावरून वेळेत उठवायची जबाबदारी तुमची.